फ्लश ड्रॉचे ३५ टक्के नेमके कधी आपले असतात?

प्रश्न असा आहे. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळून हात बसलेला एक खेळाडू आता टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकतो आहे. यात हातात २ पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी ५ पानं टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी ३ (फ्लॉप), मग १ (टर्न), शेवटी १ (रिव्हर). फ्लॉपला त्याच्याकडे इस्पिकचा फ्लश ड्रॉ आहे, म्हणजे चार इस्पिकं आहेत आणि फ्लशला (एकाच रंगाची पाच पानं) आणखी एक हवं. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १००० रुपये आहेत आणि समोरच्याने ५०० लावले आहेत; तेवढेच घालून हातात टिकणं म्हणजे कॉल. ‘फ्लश लागण्याची शक्यता ३५ टक्के, कॉलला लागतात २५ टक्के, म्हणून कॉल,’ असा हिशेब तो दर वेळी करतो. तरी पैसे जातच राहतात. मग पोकरमध्ये गणिताचा खरंच उपयोग आहे का, की शेवटी नशीब आणि समोरच्याचा चेहरा?

गणिताचा उपयोग आहे, आणि हा तोटा नशिबामुळे होत नाही. या हिशेबातले दोन आकडे दोन वेगळ्या व्यवहारांतले आहेत. २५ टक्के ही एक पान बघण्याची किंमत आहे, तर ३५ टक्के ही दोन पानं बघितल्यावरची शक्यता आहे.

आधी शक्यता. हातातली २ पानं आणि फ्लॉपची ३ अशी ५ पानं दिसतात, ४७ दिसत नाहीत. १३ इस्पिकांपैकी ४ दिसली, म्हणून ९ उरली. टर्नला फ्लश लागण्याची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे १९.१ टक्के. टर्न हुकला तर रिव्हरला ९ भागिले ४६, म्हणजे १९.६ टक्के. दोन्हींत मिळून एकदा तरी लागण्याची शक्यता काढायची तर दोन्ही वेळा न लागण्याची शक्यता १ मधून वजा करायची: ३८/४७ गुणिले ३७/४६ म्हणजे ६५ टक्के, उरले ३५.

इथे एक शंका हमखास येते: ‘बाकीच्यांच्या हातातही इस्पिकं असतील, मग ४७ ने का भागायचं?’ असतीलही. पण कोणाच्या हातात कोणतं पान आहे हे माहीत नाही तोवर न दिसलेल्या ४७ पैकी प्रत्येक पान टर्नला येण्याची शक्यता सारखीच असते, मग ते गड्डीत असो की शेजाऱ्याच्या हातात. समोरच्याच्या खेळावरून त्याच्या पानांबद्दल ठोस अंदाज आला की आकडा बदलतो. त्याकडे पुढे येऊ.

आता किंमत. पॉटमध्ये १०००, समोरच्याचे ५००, आपले ५००, असा एकूण पॉट २०००. आपण त्यातला चौथा हिस्सा घालतो, म्हणून २५ टक्के वेळा जिंकलो तर बरोबरी. पैज पॉटच्या एक तृतीयांश असेल तर २० टक्के लागतात, दोन तृतीयांशाला २८.६, पूर्ण पॉटला ३३.३ आणि दुप्पट पॉटला ४०. एवढे चार-पाच आकडे पाठ असले की टेबलावर भागाकार करावा लागत नाही.

दोन्ही बाजू एकत्र मांडू. आपल्याला पुढे एक रुपयाही मिळणार नाही आणि टर्न हुकला की आपण पानं टाकणार, असं धरलं तर कॉलचं अपेक्षित मूल्य ९/४७ गुणिले १५०० वजा ३८/४७ गुणिले ५००, म्हणजे उणे ११७ रुपये. अपेक्षित मूल्य म्हणजे हाच हात हजारो वेळा खेळला तर दर वेळचा सरासरी नफा किंवा तोटा. पण समोरचा ५०० घालून ऑल-इन झाला असेल, म्हणजे त्याने उरलेले सगळे पैसे लावले असतील, तर दोन्ही पानं त्याच किमतीत दिसतात, आणि तेव्हा ३५ टक्के पूर्ण आपले असतात. अपेक्षित मूल्य होतं अधिक १९९. पानं तीच, पॉट तोच, ५०० तेच. फरक एवढाच की दुसऱ्या पानासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात की नाही.

ऑल-इन नसलेल्या हातात टर्नला काय होतं ते बघा. पॉट २००० झाला, इस्पिक आलं नाही, समोरच्याने १००० लावले. पुन्हा २५ टक्के हवेत, हातात १९.६ आहेत. ‘एवढं आलोच आहे तर’ म्हणून इथे कॉल केला की या एका निर्णयाचं मूल्य उणे २१७, आणि फ्लॉपपासून धरलं तर सरासरी तोटा ११७ वरून २९३ वर जातो. महिनाभरात जे पैसे कमी भरतात ते बहुतेक इथून गेलेले असतात. मोठ्या, लक्षात राहणाऱ्या हातांतून ते जात नाहीत. अशा हिशेबात बरोबर वाटणाऱ्या कॉलमधून थोडे थोडे झिरपतात.

म्हणून फ्लश ड्रॉ नेहमी टाकायचा का? नाही. फ्लश लागल्यावर समोरचा आणखी पैसे देणार असेल तर कॉल फायद्याचा होऊ शकतो, याला इम्प्लाइड ऑड्स म्हणतात. हा शब्द ढोबळपणे वापरून वाटेल तो कॉल बरोबर ठरवला जातो, म्हणून त्याचाही आकडा काढावा. वरच्या उदाहरणात बरोबरीसाठी ३८ गुणिले ५०० भागिले ९, म्हणजे २१११ रुपये मिळायला हवेत. १५०० समोर आहेत, म्हणून फ्लश लागल्यावर सरासरी ६११ रुपये आणखी निघायला हवेत. हा आकडा सरासरीचा आहे: तिसरं इस्पिक पडल्यावर समोरचा अर्ध्या वेळा पानं टाकत असेल, तर उरलेल्या अर्ध्या वेळी १२२२ निघायला हवेत. आता स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. त्याच्यासमोर तेवढा स्टॅक, म्हणजे चिप्सचा साठा, आहे का? त्याच्याकडे पैसे देण्याजोगा हात असण्याचा संभव आहे का? आणि आपण त्याच्यानंतर बोलतो का, म्हणजे आपली पाळी त्याच्यामागून येते का? शेवटचा मुद्दा नवशिके सोडून देतात. आधी बोलावं लागत असेल तर फ्लश लागल्यावर पैज लावली की तो सावध होतो, चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी सोडली, तर तोही चेक करून मोकळा होतो. ६११ काढणं तिथे बरंच कठीण.

टेबलावर जलद अंदाजासाठी दोन-चारचा नियम वापरतात. आउट्स म्हणजे हात सुधारणारी पानं. एकच पान बघायचं असेल तर आउट्स गुणिले २, ऑल-इन असेल आणि दोन्ही बघायची असतील तर गुणिले ४. नियम चालतो कारण ४७ पैकी एक पान म्हणजे २.१ टक्के. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेट (ओळीने पाच पानं) ड्रॉला ८ आउट्स: नियमाने ३२, खरे ३१.५. मधलं एकच पान हवं असेल तर ४ आउट्स: १६ आणि १६.५. आउट्स वाढले की नियम जास्त आकडा दाखवतो. फ्लश आणि स्ट्रेट दोन्हींचा मिळून १५ आउट्सचा ड्रॉ नियमाने ६० टक्के, प्रत्यक्षात ५४.१. त्यावर उपाय सोपा: आउट्स ८ च्या वर जितके असतील तितके टक्के वजा करायचे. ६० मधून ७ गेले, ५३. टेबलावर एवढी अचूकता पुरते.

पण आउट्स मोजणं हीच खरी कसोटी आहे, आणि चुका इथेच जास्त होतात. समजा हातात इस्पिकची अठ्ठी-सत्ती आहे आणि फ्लॉप आहे इस्पिक राजा, बदाम नव्वी, इस्पिक चौकी. ९ इस्पिकं मोजली. समोरच्याकडे नव्वीची जोडी, म्हणजे आता तीन नव्व्या असतील तर? इस्पिकची नव्वी आली तर आपला फ्लश लागेल आणि त्याच्या चार नव्व्या होतील. दुसरं इस्पिक टर्नला आलं तरी रिव्हरला बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पानांत, जोडी पडून त्याचं फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) किंवा चार नव्व्या व्हायला ४४ पैकी १० पानं असतात, म्हणजे २२.७ टक्के. सगळ्या ९९० शक्य टर्न-रिव्हर जोड्या मोजल्या, आपल्या आडवाटेने लागणाऱ्या स्ट्रेटसकट, तर आपण २७१ वेळा जिंकतो. २७.४ टक्के. ऑल-इनच्या २५ टक्क्यांवरही तो जेमतेम बसतो. आणि समोरच्याकडे इस्पिकच्या एक्क्यासह दुसरं इस्पिक असेल, तर आपला फ्लश लागणं हेच सर्वांत महाग पडतं, कारण तेव्हा आपण आणखी पैसे घालतो आणि हरतो. म्हणून एक्क्याचा फ्लश ड्रॉ आणि अठ्ठीचा फ्लश ड्रॉ दोघांनाही ‘९ आउट्स’ म्हणणं योग्य नाही. तीन-चार खेळाडू पॉटमध्ये असतील तेव्हा तर मुळीच नाही.

तीन पत्तीतून येणाऱ्यांनी एक फरक नीट समजून घ्यावा. तीन पत्तीत पानं वाटली की आपला हात ठरला. २२,१०० शक्य हातांपैकी रंग १०९६, सिक्वेन्स ७२०, जोडी ३७४४, आणि त्यानंतर फक्त पैशाची चाल. होल्डेममध्ये माहिती चार टप्प्यांत येते आणि प्रत्येक टप्प्यावर शक्यता नव्याने काढावी लागते. हातांची क्रमवारीही वेगळी. तीन पानांत सिक्वेन्स रंगापेक्षा दुर्मीळ, म्हणून वरचढ. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५१०८, म्हणून फ्लश वरचढ. (क्रमवारी नेहमी दुर्मीळतेप्रमाणेच असते असंही नाही: तीन पत्तीत ट्रेल सर्वांत वर, पण ट्रेल ५२ आहेत आणि त्याखालचे प्युअर सिक्वेन्स ४८.) जुनी सवय म्हणून स्ट्रेटला जास्त मान देऊन, बोर्डावर एकाच रंगाची तीन पानं असताना पैसे घालत राहणं, ही चूक वारंवार होते.

आता समोरच्याच्या पानांचा अंदाज. याला ‘चेहरा वाचणं’ म्हणतात, पण त्याचा मोठा भाग मोजणीच आहे. होल्डेममध्ये दोन पानांचे १३२६ वेगवेगळे हात आहेत. कोणतीही ठरावीक जोडी ६ प्रकारे येते. एक्का-राजा १६ प्रकारे: ४ एकाच रंगाचे, १२ वेगळ्या रंगांचे. पान दिसलं की हे आकडे घटतात.

वरच्याच बोर्डावर टर्नला चौकट दुरी, रिव्हरला किलवर छक्की आली. फ्लश कुणाचाच नाही. आपल्याकडे चौकट राजा आणि किलवर राणी, म्हणजे राजांची जोडी. समोरच्याने रिव्हरला पूर्ण पॉट लावला. कॉलला ३३.३ टक्के हवेत. मनात पहिलं चित्र येतं ते हुकलेल्या फ्लश ड्रॉचं, आणि हात चिप्सकडे जातो. थांबून मोजा. एक्का-राजा: उरलेले राजे २, एक्के ४, म्हणून ८ हात. नव्वी, छक्की, चौकी, दुरी यांच्या जोड्या धरून बसलेला असेल तर प्रत्येकी ३, एकूण १२. एवढेच धरले तर आपल्याला हरवणारे हात २०. म्हणजे बरोबरीसाठी ब्लफचे, म्हणजे हातात काही नसताना पैज लावणारे, १० हात हवेत. हुकलेले फ्लश ड्रॉ एकेक करून लिहा, सगळे इस्पिकचे: एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी, एक्का-तिरी, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती. प्रत्येक नावामागे फक्त एक हात. बरोबर १० झाले. तो या सगळ्यांनी ब्लफ करत असेल तर कॉल बरोबरीत सुटतो. पण अर्ध्या हातांनी तो रिव्हरला चेक करून सोडून देत असेल, तर ब्लफ ५ आणि खरे हात २०: २० टक्के. पानं टाकायची. सर्वसाधारण टेबलांवर लोक रिव्हरला पूर्ण पॉटचा ब्लफ कमीच करतात, म्हणून एका जोडीने मोठ्या पैजेला कॉल करण्याआधी ही मोजणी करावीच. एक अट मात्र आहे. तो एक्का-राजाने फ्लॉपआधी नक्की रेझ करतो, म्हणजे पैज वाढवतो, आणि त्याने तसं केलं नव्हतं, हे आपण पाहिलं असेल, तर ते ८ हात यादीतून जातात. उरतात १२ विरुद्ध ५, म्हणजे २९ टक्के. निर्णय तोच राहिला, पण किती जवळ आला बघा. निरीक्षण आणि गणित असे एकाच हिशेबात येतात.

ब्लफ करणाऱ्याच्या बाजूने हिशेब सोपा आहे. पैज भागिले पैज अधिक पॉट, इतक्या वेळा समोरच्याने पानं टाकली की ब्लफ बरोबरीत. अर्ध्या पॉटच्या ब्लफला ३३ टक्के, पूर्ण पॉटच्या ब्लफला ५० टक्के. ड्रॉ हातात असताना लावलेली पैज, म्हणजे सेमी-ब्लफ, याहून चांगली, कारण कॉल झाला तरी आपल्याकडे आउट्स असतात. पॉट १०००, समोरच्याने चेक केलं, आपल्या दोघांकडे प्रत्येकी २०००. फ्लश ड्रॉवर ऑल-इन केलं आणि कॉल झाला तर ०.३५ गुणिले ५००० वजा २०००, म्हणजे उणे २५०. त्याने पानं टाकली तर अधिक १०००. २० टक्के वेळा त्याने पानं टाकली की बरोबरी झाली. स्टॅक प्रत्येकी १००० असते तर कॉल झाला तरी अधिक ५०, म्हणजे त्याने कधीच पानं टाकली नाहीत तरी तोटा नाही. सुरुवातीच्या प्रश्नातल्या ड्रॉवर नुसता कॉल करत राहण्यापेक्षा बऱ्याचदा हाच मार्ग चांगला असतो, आणि इथे ३५ टक्के पूर्ण वापरता येतात. मात्र कधीच पानं न टाकणाऱ्या माणसावर मोठ्या स्टॅकने हे करू नये. तिथे कितीही आउट्स मोजले तरी वरच्या सूत्रातले २० टक्के शून्य होतात.

ब्लफ ही केवळ मानसिक युक्ती नाही, खेळाच्या गणितातूनच ती निघते, हे जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली सोप्या केलेल्या पोकरच्या नमुन्यावर दाखवलं. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ या प्रोग्रॅमने दोघांतला लिमिट होल्डेम (पैजेची रक्कम ठरलेला प्रकार) जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ने पिट्सबर्गमध्ये १,२०,००० हातांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. आज सॉल्व्हर म्हणून मिळणारे, हाताचं संतुलित उत्तर काढून देणारे प्रोग्रॅम याच वाटेवरचे. त्यांच्याकडून शिकायची पहिली गोष्ट प्रमाण: रिव्हरला पूर्ण पॉट लावताना दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ, अर्धा पॉट लावताना तीनमागे एक. त्याच तत्त्वाने अर्ध्या पॉटच्या पैजेसमोर आपल्या दोन तृतीयांश हातांनी टिकून राहावं असंही सूत्र निघतं. पण हे सूत्र समोरचा योग्य प्रमाणात ब्लफ करतो तेव्हाच लागू. जो ब्लफ करतच नाही त्याच्यासमोर सूत्र पाळून दोन तृतीयांश हातांनी कॉल करणं म्हणजे त्याला पैसे नेऊन देणं. सॉल्व्हरची उत्तरं पाठ करणाऱ्यांचं इथे फार नुकसान होतं.

रेक विसरू नये. टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून हिस्सा घेतो. ५ टक्के धरले तर २००० च्या पॉटमधून हाती १९०० येतात आणि २५ टक्क्यांचा कॉल २६.३ टक्क्यांचा होतो. काठावरचे कॉल म्हणून टाकायचे. रेकला कमाल मर्यादा असेल तर छोट्या टेबलांवर त्याचा भार सर्वांत जास्त पडतो, कारण पॉट त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाहीत.

टूर्नामेंटमध्ये तर किमतीचं मापच बदलतं. तीन खेळाडू उरलेत, चिप्स समान, बक्षिसं ५०, ३० आणि २० हजार. प्रत्येकाचा हिस्सा आत्ता ३३,३३३ रुपयांचा. एकाला बाद करून चिप्स दुप्पट झाल्या तर हिस्सा होतो ४३,३३३, दुप्पट होत नाही. हरलो तर २०,०००. दहा हजार मिळवायला १३,३३३ पणाला लागतात, म्हणून ऑल-इनच्या कॉलला ५०च्या ऐवजी ५७ टक्के लागतात. चिप्सच्या हिशेबाने बरोबर आणि पैशाच्या हिशेबाने चुकीचा कॉल असा होतो.

आणि चढउतार. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला सुमारे ८२ टक्के वेळा हरवते, म्हणजे साधारण साडेपाच वेळांत एकदा हरते. दर १०० हातांमागे ५ बिग ब्लाइंड (हात सुरू होताना लावावी लागणारी सक्तीची मोठी पैज, कमाई मोजायचं माप) सरासरी कमावणारा चांगला खेळाडू घ्या, आणि १०० हातांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, ९० बिग ब्लाइंड धरा, जे नो-लिमिटमध्ये (पैजेला मर्यादा नसलेल्या प्रकारात) नेहमीचं आहे. १०,००० हातांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० आणि विचलन ९००, म्हणून तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. १,००,००० हातांनंतर ती ४ टक्क्यांवर येते. समोरासमोरच्या टेबलावर तासाला तीसच्या आसपास हात होतात. दर शनिवारी चार तास बसणाऱ्याला १०,००० हातांना दीड वर्षाहून जास्त लागतं. म्हणून महिन्याच्या नफ्या-तोट्यावरून आपण कसे खेळलो हे कळत नाही, आणि तो तोटा भरून काढायला मोठ्या टेबलावर जाणं तर सर्वांत वाईट. हातून गेले तरी घर चालेल एवढाच पैसा वेगळा काढून त्यातून खेळावं, ही अट या आकड्यांमधूनच येते.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा असा भेद ठेवलेला नाही. गोव्यात मांडवीवरचे परवानाधारक कॅसिनो हा वेगळा विषय. वरची सगळी मोजणी फुकटच्या चिप्सवर किंवा घरी पत्त्यांच्या गड्डीवरही तितकीच शिकता येते.

सरावाची पद्धत अशी ठेवा. वही घ्या. प्रत्येक सत्रातले असे पाच हात लिहा ज्यांत कॉल करताना मन अडखळलं. प्रत्येकासमोर चार रकाने: पॉट आणि पैज, लागणारे टक्के, प्रत्यक्ष आउट्स आणि त्यातले दूषित (लागूनही हरवू शकणारे) किती, पुढची पैज येणार होती की ऑल-इन. निकाल, म्हणजे जिंकलो की हरलो, लिहूच नका. त्याने नजर फिरते. शंभर हात झाले की चौथा रकाना वाचत जा, आणि ‘पुढची पैज येणार’ असं लिहिलेल्या हातांमध्ये ४ ने गुणून काढलेले आकडे किती ठिकाणी आहेत ते मोजा.